जड पाण्यातली साय

नवऱ्याने माझ्या कॉफीवरची साय बोटाने अलगद उचलली, तोंडात टाकली, बोट चाटलं आणि कॉफीचा मग माझ्यापुढे सरकवला. लग्न झाल्यापासून तो हे रोज करतो. मला साय चालत नाही, म्हणजे नुसती दिसली तरी मी कप लांब सारते. त्याला आवडते, तेव्हा आमचं बरं जमलंय असं तो आल्यागेल्याला कौतुकाने सांगत असतो. आज खिडकीतून तिरपं ऊन येत होतं ते नेमकं मगात पडलं होतं. साय उचलली गेली त्या जागेवरून, त्याचं बोट जिथे टेकलं होतं तिथून, एक रंगीत डाग पसरायला लागला. आधी टिकलीएवढा, मग बघता बघता मगाच्या कडेपर्यंत. जांभळा, हिरवट, पिवळा, डबक्यात सांडलेल्या पेट्रोलसारखा. मलम होतं ते. त्याच्या बोटांवरचं मलम कॉफीच्या उष्णतेने वितळून माझ्या कॉफीवर पांघरलं जात होतं. मी मगाकडे बघत राहिले. "काय गं?" त्याने विचारलं. "गरम आहे," मी म्हटलं. पलीकडे सासूबाई दुखरा पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. त्या लेकाला म्हणाल्या, "आज त्या हाडांच्या डॉक्टरांना ठणकावून सांग, पहिला नंबर माझा. माझ्या लेकाच्या हातचा सांधा माझ्या गुडघ्यात बसू दे, मग बघ मी कशी जिने चढते ते." तो हसला, म्हणाला, "हो गं आई, सांगतो." आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं. त्यांच्या फिक्या निळ्या गाऊनवर खांद्यापाशी तेलकट बोटांचे ठसे उमटले. ते रोजच उमटतात, आणि धुताना मीच चोळते ते. मी कॉफी मोरीत ओतली, आणि पाणी सोडलं तरी तो रंगीत पदर मोरीच्या जाळीला चिकटून राहिला.

आणि मग ते मला कळलं. विचार करून वगैरे नाही. ओकारी येते तसं खालून वर आलं. आम्ही दोघं जी साय गेली काही वर्षं जगाला दाखवत फिरतोय, ती हीच.

माझं काम सांगायला सोपं आहे. अणुभट्टीतून न्यूट्रॉनचा एक झोत नळीतून माझ्या यंत्रापर्यंत येतो. तो मी एखाद्या गुळगुळीत पृष्ठभागावर अगदी तिरपा, जवळजवळ घासून जाईल असा सोडते, आणि परत किती आला ते मोजते. त्यावरून त्या पृष्ठभागावर काय बसलंय, किती जाड बसलंय, ते कळतं. केसाचे हजारो पापुद्रे काढले तर त्यातल्या एकाइतका पातळ थरसुद्धा कळतो. शेजारच्या इमारतीत क्ष-किरणांचं यंत्र आहे, ते धातू फार छान बघतं, पण त्याला हलक्या गोष्टींचं वावडं. पाण्याखाली तेल असो की चरबी, क्ष-किरण तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. न्यूट्रॉनला मात्र हायड्रोजनची भारी हौस. घाम, तेल, थुंकी, जिथे जिथे अंगाचा ओलावा लागलाय ते सगळं त्याला दिसतं. त्यातून साध्या पाण्याऐवजी जड पाणी, म्हणजे वजनदार जातीच्या हायड्रोजनचं पाणी भरलं, की चरबीचा थर त्यात असा उठून दिसतो की विचारू नका. मी लहानपणी पोरांनी चाटलेले चमचे लांबून ओळखायची. तीच मी मोठी होऊन या धंद्यात पडले, यात नवल काही नाही.

नवरा धातूचा माणूस. त्याने एक मिश्रधातू केला, चकतीवर त्याचा लेप दिला आणि ती माझ्या यंत्रावर आणली. जड पाण्यात ठेवल्यावर तासाभराने त्या लेपावर एक थर दिसायला लागला. नवा, मऊ, हायड्रोजनने भरलेला. क्ष-किरणांना तो दिसत नव्हता, मला दिसत होता. "थर आहे," असं मीच पहिल्यांदा म्हटलं, आणि त्याने मला सगळ्यांसमोर उचलून गिरकी घातली. पाण्यात पडला की आपणहून साय धरणारा धातू. शरीरात बसवला तर गंजणार नाही, कारण स्वतःची कातडी तो स्वतःच विणतो. आमच्या गटात सगळे त्या थराला सायच म्हणायला लागले आणि मला शहारा यायचा, पण शब्दाचंच काय एवढं म्हणून मी गप्प बसले. मग शोधनिबंध, मग भाषणं, मग त्या धातूचा गुडघ्याचा सांधा आणि तो बसवायला तयार झालेलं एक इस्पितळ. आज दुपारी तिथले डॉक्टर येणार होते आणि हा सांधा माणसांच्या गुडघ्यात बसवायला सुरुवात करायची की नाही ते ठरवणार होते. ठरवणार होते म्हणजे काय, ठरलंच होतं, कॉफी पिऊन सह्या करायच्या होत्या.

रस्ताभर मी गाडीच्या काचेला डोकं टेकून बसले होते. तो गाडी चालवत होता आणि मी त्याच्या हातांकडे बघत होते. हे हात आधी असे नव्हते. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते कँटीनमध्ये. माझ्या कपावर साय आली होती आणि मी कप लांब धरून बसले होते, कुणीतरी मेलेलं पाखरू हातात दिल्यासारखी. समोर बसलेल्या या अनोळखी माणसाने काही न बोलता बोट पुढे केलं, साय काढली, खाल्ली आणि आपलं वाचन पुढे चालू ठेवलं. आमच्या आत्याने लहानपणी नाक दाबून माझ्या तोंडात साय कोंबली होती. ती अर्धी घशात गेली आणि अर्धी जिभेवर लोंबत राहिली, आत ओढावी की बाहेर काढावी ते कळेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आत्या म्हणत होती, "टाकतात का गं असं, एवढं दुधाचं सत्त्व!" तेव्हापासून कुणी माझ्या त्या किळसेची थट्टा केली नाही असं झालं नव्हतं. यानेच तेवढी केली नाही. मी त्या दिवशी त्याच्या बोटाच्याच प्रेमात पडले म्हणायला हरकत नाही. मग आम्लांनी आणि रबरी हातमोज्यांनी त्याचे हात सोलून निघाले, पेरापेरांवर भेगा पडल्या, आणि डॉक्टरने ते मलम दिलं. मेंढीच्या लोकरीच्या चरबीचं. पिवळं, चिकट, ओल्या घोंगडीसारख्या वासाचं. तेव्हापासून आमच्या घरातला दिव्याचा खटका चिकट आहे, फ्रीजची मूठ चिकट आहे, पुस्तकांच्या तेलकट झालेल्या कोपऱ्यांतून खालच्या पानावर छापलेलं वर दिसतं. तो रात्री मानेवर हात ठेवतो तेव्हा मी श्वास रोखून धरते, आणि त्याला वाटतं की मला सुख होतंय. मला त्या हातांची किळस येते. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, कारण आजारी हातांची किळस येणं हे किळस येण्याजोगंच आहे.

तो हातमोजे घालतो, नाही असं नाही. पण मोजे घालायच्या आधी मलम चोळतो, त्याशिवाय आतून आग होते. डावा मोजा उजव्या हाताने ओढायचा, उजवा मग डाव्या मोज्याने, आणि शेवटी सगळं बाहेरून नीट दाबून बसवायचं. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल. आणि त्याच हातांनी तो प्रत्येक चकती कडेला धरून काचेच्या पेटीत बसवतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मोज्यांवरचं मलम कडेला लागतं आणि मग पाण्यात निवांत सरकत आत येतं. तासाभरात साय धरते ती अशी. मागे दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याच्याच कृतीबरहुकूम लेप दिला, त्यांना साय काही सापडली नाही. त्या बिचाऱ्या इथवर येऊन विचारून गेल्या की आपलं कुठे चुकतंय. नवरा त्यांना म्हणाला, "कृतीत चूक नाही हो तुमच्या. शेवटी हातगुण असतो." सगळे हसले. मीही हसले. त्या बाईंचे हात मला अजून आठवतात, कोरडे, स्वच्छ, आखूड नखांचे.

यंत्रापाशी गेल्यावर मी रोजचं पहिलं काम केलं. सकाळी झोत जुळवून घ्यावा लागतो, त्यासाठी एक पेटी कायमची ठेवलेली असते. तिच्यातली चकती कोरी असते, तिच्यावर लेप नसतो, धातूही नसतो, नुसतं सिलिकॉन. पण तीही पेटी नवऱ्यानेच बांधलेली. तिच्यावर झोत पडला, दिशा जुळली, की ती काढून ठेवायची आणि खऱ्या चकत्यांकडे वळायचं, ही इथली रीत. कोरी चकती पुरती मोजत बसायला झोताचा वेळ कुणाकडे उरलेला असतो? निबंधासाठी मोजली होती ती कोरी वेगळी, कारखान्यातून सीलबंद आलेली आणि मी चिमट्याने बसवलेली. तिच्यावर अर्थात काही नव्हतं. ही रोजची मात्र सगळ्यांच्या नाकासमोर होती आणि कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. मध्यंतरी एकदा मी म्हटलंही होतं की जुळवायच्या पेटीतली पुरती मोजून बघू या का, सहज. नवरा जरा जास्तच पटकन म्हणाला होता, "वेळ काय उतू चाललाय आपला?" मला ते तेव्हा चमत्कारिक वाटलं नाही. आज मी तिच्यात जड पाणी भरलं, शिशाचं दार ओढून घेतलं आणि यंत्र पुरतं चालू करून दिलं.

मग बसून राहायचं. न्यूट्रॉन हा फार सावकाश कारभार आहे, एक एक कण मोजला जातो, आणि पडद्यावर ठिपके उमटत जातात. हॉलमध्ये पंपांची घरघर होती, वर जड सामान उचलायच्या यारीची साखळी हलत होती. मला सगळीकडे वास यायला लागला. खुर्चीच्या हातांना, कळफलकाला, माझ्या स्वतःच्या केसांना. मी हात धुऊन आले, परत बसले, परत उठून धुऊन आले. मनातल्या मनात कुणाची तरी करुणा भाकत होते की थर दिसू नये. मी वेडी ठरू दे, नवऱ्याच्या हातांची उगीच किळस करणारी एक तुसडी बाई ठरू दे. मग मी आज घरी जाऊन तो मलमाचा डबा स्वतः उघडीन आणि त्याच्या भेगांना चोळून देईन, नाक न मुरडता. ठिपके सरळ उतरत होते तोवर मला खरोखरच हायसं वाटत होतं. मग ते खाली झुकायला लागले. जिथे खळगा पडायला नको होता तिथे खळगा पडला, खोल, गोलसर, सुबक, आणि पुढे परत वर चढण. तो खळगा मी झोपेतसुद्धा ओळखीन. निबंधाच्या पहिल्या पानावर तो आहे, इथल्या बैठकीच्या खोलीत चौकटीत घालून लावलेला आहे. तो धातूचा नव्हता, कारण इथे धातूच नव्हता. मी नळापाशी गेले आणि ओकले. पोटात काही नव्हतंच, नुसतं कडू पिवळं पाणी आलं.

"बरं नाहीये का?" मागून नवऱ्याचा आवाज आला. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. डॉक्टर यायची वेळ झाली होती. मी तोंड पुसलं आणि पडद्याकडे बोट केलं. तो वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, पहिल्या दिवशी उजळला होता तसा. "अगं काय देखणी आलीये ही! कुठली चकती? चौथी का? हीच दाखवू या त्यांना."

"कोरी," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"जुळवायची पेटी. वर लेप नाही की काही नाही. तुझं मलम आहे ते."

तो सरळ झाला. मी वाट बघत होते. तो चिडेल, नाही म्हणेल, मला मूर्खात काढेल, खुर्चीत मटकन बसेल, डोकं धरेल, यातलं काहीही चाललं असतं. मी त्याच्या शेजारी बसले असते, दोघांनी मिळून नाक कापून घेतलं असतं, लोक हसले असते, आणि मग एक दिवस आम्हीही हसलो असतो. त्याने आधी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "कोणाला दाखवलंस?"

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"माहीत असं नाही. शंका होती. त्या बाई येऊन गेल्या तेव्हा जरा..." त्याने हात खिशात घातले. "हे बघ, धातू वाईट नाहीये. साय नसेल तर नसेल, साधा सांधा बसवतात त्याच्याइतका तरी चालेलच ना?"

"चालेल? तो नुसता कसा टिकतो ते कुणी तपासलंय? सगळ्या चाचण्या साय आहे असं धरून केल्यात आपण."

"हळू बोल."

"अरे, तुझ्या आईच्या गुडघ्यात घालणार आहेस तू तो!"

"छे," तो म्हणाला. किती सहज म्हणाला. जणू मी त्याला भाजी आणायची राहिली का असं विचारलं होतं. "आईला बाजारातला नेहमीचाच सांधा बसवायला सांगितलाय. डॉक्टरांशी बोललोय मी, तिची हाडं ठिसूळ आहेत असं कारण दिलंय. तिला कळायचं नाही. ती आपली खुशीत राहील, लेकाच्या हातचा म्हणून. मी काय आईच्या जिवाशी खेळेन असं वाटलं तुला?"

आणि त्याला खरंच दुखावल्यासारखं झालं होतं. आपल्याबद्दल बायकोने असा विचार करावा, याचं. इतकी वर्षं मला त्याच्या हातांची शिसारी येत होती, आणि हात तर बिचारे नुसते फुटलेले होते. त्यांनी कधी काही लपवलं नव्हतं, जिथे लागले तिथे ठसा सोडून गेले. जे बुळबुळीत होतं ते भलतीकडेच होतं आणि मी त्याच्या कुशीत झोपत होते. मला सकाळचे सासूबाईंच्या खांद्यावरचे ते डाग आठवले. परक्यांच्या गुडघ्यांसाठी त्याच्याकडे एक धातू होता आणि आपल्या माणसासाठी दुसरा, आणि यालाच तो माया म्हणत होता. "चल," तो म्हणाला, "ते आले असतील. तू काही बोलू नकोस, मी बोलतो. घरी गेल्यावर बघू काय करायचं ते." त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी श्वास रोखला नाही. घोंगडीचा वास पुरता छातीत भरून घेतला. मग पडद्यावरचा आलेख छापून घेतला, त्याच्यादेखत, आणि घडी करून मुठीत धरला. त्याने बघितलं, पण कॉरिडॉरमधून संचालक हात हलवत येत होते, त्यामुळे त्याला हसावं लागलं.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडच्या बाजूला हाडांच्या डॉक्टर, उंच, दणकट मनगटांच्या, त्यांच्यापुढे कागद आणि उघडं पेन. डोक्यावर भिंतीवर चौकटीतला तो खळगा. त्यांच्याबरोबर एक तरुण बाई होती, शाळेत खेळ शिकवणारी, अपघातात गुडघ्याचा चुरा झालेली, संमतीच्या कागदावर सही करायला आलेली. पहिला नंबर हिचा, असं संचालकांनी ओळख करून देताना सांगितलं आणि ती लाजल्यासारखी हसली. "पळता येईल ना हो मला?" तिने माझ्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पळता? तुम्ही आम्हाला मागे टाकाल." सगळे हसले. कॉफी आली. माझ्यापुढे कप आला आणि मी बघत असताना त्याच्यावर साय धरायला लागली, आधी कडेने सुरकुतली, मग मधोमध जमून आली, जाड, पिवळसर, थरथरणारी. नवरा बोलता बोलता थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात विनवणी होती, इतक्या वर्षांची ओळख होती, कँटीनमधला तो पहिला दिवससुद्धा होता. मग त्याने सवयीने बोट पुढे केलं. "हिला साय चालत नाही," तो सगळ्यांना कौतुकाने म्हणाला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. खेळ शिकवणारी बाई म्हणाली, "किती करता हो बायकोचं!"

मी कपावर हात ठेवला. "राहू दे," मी म्हटलं. त्याचं बोट माझ्या हाताच्या पाठीवर टेकलं आणि तिथेच थांबलं. मी ते बाजूला केलं, चमचा घेतला, साय सबंध उचलली आणि तोंडात घातली. ती जिभेवर पसरली, टाळूला चिकटली, अर्धी घशात गेली आणि अर्धी बाहेर लोंबत राहिली, अगदी तेव्हासारखीच. माझे डोळे भरून आले. खोलीत सगळे बघत होते. नवऱ्याने हात टेबलाखाली घेतला होता. मी गिळलं. साय खाली उतरेपर्यंत थांबले, मग मुठीतला कागद उलगडला, टेबलावरून त्या खेळ शिकवणाऱ्या बाईंच्या दिशेने सरकवला आणि म्हटलं, "सही करू नका. भिंतीवर आहे तोच आलेख आहे हा. पण ही चकती कोरी होती."